रीफ टाकीतले हट्टी शेवाळ : आधी नेमके ओळखा, मगच उपाय करा

रीफ टाकीत, म्हणजे कोरल असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, वाळूवर तपकिरी, शेंबडासारखा तार सुटणारा थर दिसला की बहुतेक जण ठरलेले उपाय करतात. माशांचे खाणे निम्म्यावर आणतात, लागोपाठ दोन-तीनदा पाणी बदलतात आणि संपमध्ये (मुख्य टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत) फॉस्फेट शोषणारे माध्यम ओततात. तो थर डायनोफ्लॅजेलेट (डायनो) या एकपेशीय जीवांचा असेल, तर आठवडाभरात दुप्पट होतो आणि गोगलगायी मरू लागतात. कारण डायनो माजतात तेच मुळी पाण्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेले की. केसाळ हिरव्या शेवाळाचे गणित नेमके उलटे असते. एकाचे औषध ते दुसऱ्याचे खाद्य, म्हणून ओळख पटेपर्यंत टाकीत काहीही ओतू नका.

पुढची मापे 200 लिटर खऱ्या पाण्यासाठी आहेत. 90 × 45 × 50 सेंटिमीटरची टाकी काठोकाठ भरली तर साधारण 202 लिटर होते, पण काच, वरची मोकळी जागा, दगड आणि वाळू वजा जाता 160 लिटरच्या आसपास पाणी उरते. त्यात संपमधले 40 लिटर धरले की 200. औषधाचा डोस नेहमी अशा खऱ्या पाण्यावर काढा, टाकीच्या लेबलावरच्या आकड्यावर नको.

ओळख कशी पटवायची

नव्या टाकीत दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात काचेवर आणि वाळूवर बसणारी, बोट फिरवले की धुरासारखी उडणारी तपकिरी भुकटी म्हणजे डायटम. पाण्यातले सिलिकेट संपले की ते आपोआप जातात. काच पुसा आणि वाट पाहा. वर्षभर जुन्या टाकीत डायटम परत आले, तर मात्र डीआय रेझिन (आरओनंतर उरलेले क्षार शोषणारे दाणे) संपले आहे असे समजा.

मरून किंवा काळपट हिरवा, दुधावरच्या सायीसारखा अख्खा उचलला जाणारा थर म्हणजे सायनो. हे शेवाळ नव्हे, जिवाणू आहेत. पाण्याचा प्रवाह मंद असतो अशा कोपऱ्यात आणि दगडाखाली साचलेल्या घाणीवर ते पसरतात.

तपकिरी चिकट तारा, प्रत्येक तारेच्या टोकाला अडकलेला हवेचा बुडबुडा, सकाळी जवळजवळ साफ दिसणारी वाळू आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा माखलेली : हे लक्षण डायनोचे.

मऊ, लांब, चिमटीत सहज तुटणारे हिरवे धागे म्हणजे केसाळ शेवाळ, बहुधा डर्बेसिया. धाग्याला मधोमध शीर आणि दोन्ही बाजूंना पिसासारख्या बारीक फांद्या असतील, तर तो ब्रायोप्सिस. ही शीर टाकीच्या बाहेरून दिसत नाही. तुकडा पांढऱ्या बशीत पाण्यात तरंगत ठेवा आणि भिंगाखाली पाहा. पाण्याबाहेर दोन्ही सारखेच चिकटून बसतात, त्यामुळे फसगत होते. काचेच्या गोटीसारखे चमकदार हिरवे फुगे म्हणजे व्हॅलोनिया, आणि त्यात कोणाची चूक होत नाही.

डायटम, सायनो आणि डायनो यांत शंका असेल तर गाळण चाचणी करा. थराचा नमुना टाकीतल्या पाण्यासकट छोट्या बाटलीत घ्या. बाटली एक मिनिट जोरात हलवा, म्हणजे गुठळ्या सुटतील. पाणी कॉफी फिल्टरच्या कागदातून गाळा आणि खाली आलेले स्वच्छ पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. डायनोच्या पेशी कागदातून निसटतात आणि उजेडात पुन्हा एकमेकींना चिकटून तारा धरतात. तारा धरल्या तर डायनोच.

डायनो निघाले की पुढची पायरी सूक्ष्मदर्शकाची. विद्यार्थ्यांचा 400 पट मोठे दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो, कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोणी ओळखीचे असेल तर तेही चालेल. पाण्याच्या थेंबासारखी निमुळती पेशी एका टोकाने अडकून गरगर फिरत असेल, तर ती ऑस्ट्रिऑप्सिस. लंबगोल पेशी, पुढे चोचीसारखे छोटे टोक आणि वाळूच्या कणांवरून सरपटत जाणे, ही अँफिडिनियमची खूण. या दोघांचा इलाज वेगळा आहे, म्हणून ही मेहनत टाळू नका.

आकडे, आणि ते कसे फसवतात

निरोगी मिश्र रीफसाठी नायट्रेट 5 ते 10 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम ठेवा. रंग जुळवायच्या किटवर फॉस्फेटचे इतके बारीक फरक डोळ्यांना कळत नाहीत, त्यासाठी हॅनासारखा डिजिटल चेकर लागतो. हॅनाचे एचआय 736 हे मॉडेल फॉस्फरस पीपीबीमध्ये दाखवते. त्या आकड्याला 3.066 ने गुणा आणि 1000 ने भागा. यंत्रावर 33 आले तर फॉस्फेट 0.10 पीपीएम झाले. हे रूपांतर न करता 33 बघून घाबरलेले आणि 0.03 समजून निर्धास्त राहिलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक असतात. काचेच्या कुपीवर बोटाचा ठसा असला तरी आकडा चुकतो. कुपी पुसून दोनदा मोजा.

टाकी केसाळ शेवाळाने भरलेली असताना चाचणी शून्य दाखवू शकते. याचा अर्थ पाण्यात खत नाही असा होत नाही. येणारे प्रत्येक पोषक द्रव्य शेवाळ लगेच ओढून घेते आणि किटच्या वाट्याला काही उरत नाही. अशा वेळी खाणे आणखी तोडले तर कोरल फिके पडतात, शेवाळ मात्र दगडातून झिरपणाऱ्या फॉस्फेटवर जगते.

पाण्याचा उगम

स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी रीफला चालत नाही. त्या यंत्रात चव राखण्यासाठी टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडे कच्चे पाणी मुद्दाम मिसळतो. वेगळा आरओडीआय, म्हणजे डीआय रेझिन जोडलेला आरओ घ्या आणि शेवटचा टीडीएस 0 येतो का ते पाहा. आरओचा पडदा (मेम्ब्रेन) 95 टक्के क्षार अडवतो असे धरले, तरी 800 टीडीएसच्या बोअरच्या पाण्यातून 40 उरतात, आणि ते सगळे डीआय रेझिनच्या डोक्यावर बसतात. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले की रेझिन नेहमीपेक्षा कितीतरी लवकर संपते. मार्च ते जूनमध्ये टीडीएस दर आठवड्याला तपासा. रेझिन थकत आले की सिलिकेट आधी निसटते, त्यामुळे मीटरवर 1 किंवा 2 दिसू लागताच रेझिन बदला.

समुद्राचे पाणी आणून वापरणाऱ्यांनी मुंबईच्या किनाऱ्यालगतचे पाणी घेऊ नये. त्यात सांडपाण्याचे नायट्रेट आणि फॉस्फेट असते, आणि पावसाळ्यात खारेपणाही उतरतो. चांगले मीठ 35 पीपीटी, म्हणजे 1.026 घनतेपर्यंत कालवणे दूरच्या हिशेबाने स्वस्त पडते.

केसाळ हिरवे शेवाळ

इथे हाताने उपटण्याला पर्याय नाही. प्राणी आणि रसायने ही त्यानंतरची मदत. बोटभर लांब वाढलेले शेवाळ गोगलगायी खात नाहीत, त्या फक्त कोवळे कोंब खातात. म्हणून आधी जंगल तोडायचे आणि मग चरणारे सोडायचे.

काम असे करा. 12 मिलिमीटर नळीच्या टोकाला कडक दातांचा टूथब्रश रबरबँडने बांधा, केस नळीच्या तोंडापाशी यायला हवेत. नळीचे दुसरे टोक संपमधल्या 100 किंवा 200 मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमध्ये सोडा. त्यामुळे शेवाळ सॉकमध्ये अडकते, पाणी संपमध्येच राहते आणि तासभर काम केले तरी टाकी रिकामी होत नाही. संप भरत आला की थोडा वेळ रिटर्न पंप चालवून पाणी वर घ्या. बाकी वेळ वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा पंप) आणि रिटर्न पंप बंद ठेवा, नाहीतर सुटलेले तुकडे टाकीभर पेरले जातील. ब्रश मुळापाशी गोल फिरवा, वरवर ओढू नका. एका दिवशी टाकीच्या एक तृतीयांश भागालाच हात लावा. संपूर्ण टाकी एकदम खरवडली की सुटलेल्या घाणीने पाणी गढूळ होते आणि ऑक्सिजन उतरतो. शेवटी सॉक लगेच बाहेर काढून धुवा. तो रात्रभर तसाच राहिला तर उपटलेले शेवाळ त्यात कुजते आणि सगळे खत परत पाण्यात मिसळते.

सुटा होणारा छोटा दगड असेल, तर टाकीच्या पाण्याच्या बादलीत बाहेर घासणे उत्तम. हातमोजे आणि चष्मा घाला. दगडावर झोअँथिड (बटणांसारखे मऊ कोरल) असतील तर तो दगड कधीही उकळू नका आणि त्यावर गरम पाणी ओतू नका. काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन असते, वाफेतून ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते.

घासणीबरोबर पोषक द्रव्ये खाली आणायची, पण सावकाश. 20 टक्के पाणी बदलले की 40 पीपीएम नायट्रेटचे 32 होते, 10 होत नाही. त्यामुळे एका मोठ्या पाणीबदलाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. दर आठवड्याला 10 ते 15 टक्के बदला, तेवढ्याच वेळात वाळूतली साचलेली घाण नळीने ओढा. गोठवलेले मायसिस किंवा ब्राइन श्रिंप आरओ पाण्यात वितळवून गाळून घ्या, ते पाणी टाकीत ओतू नका.

फॉस्फेटसाठी दाणेदार फेरिक ऑक्साइड वापराल तर पाकिटावरच्या मात्रेच्या चौथाईपासून सुरुवात करा आणि आधी ते आरओ पाण्यात लाल पाणी यायचे थांबेपर्यंत धुवा. फॉस्फेट 0.5 वरून दोन दिवसांत 0.03 वर आणले तर अॅक्रोपोरासारख्या कोरलची कातडी बुडापासून सुटू लागते. दोन आठवड्यांत निम्मे, एवढा वेग पुरे. माध्यम काढल्यावर आकडा पुन्हा चढला तर निराश होऊ नका. दगड कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, त्याने वर्षानुवर्षे शोषलेले फॉस्फेट तो हळूहळू सोडतो. अशा टाकीत संपमध्ये कीटोमॉर्फाचा (मुद्दाम वाढवायच्या हिरव्या शेवाळाचा) गोळा आणि त्याच्यावर रात्री पेटणारा दिवा, हा टिकाऊ उपाय. गोळा वाढला की निम्मा तोडून फेका. टाकीतून खत खऱ्या अर्थाने बाहेर जाते ते त्या फेकलेल्या गोळ्याबरोबर.

दिवे 8 तासांवर आणा, पांढरा आणि लाल रंग 10-15 टक्क्यांपर्यंत उतरवा, निळा तसाच ठेवा. बाल्कनीचे ऊन टाकीवर तासभर जरी पडत असेल तरी पडदा लावा.

आता चरणारे. 200 लिटरला सहा ते आठ ट्रोकस गोगलगायी पुरतात. ट्रोकस उलटी पडली तरी स्वतः सरळ होते, टर्बोला ते वाळूवर सहज जमत नाही आणि ती तशीच मरून कुजते. टक्सिडो सी अर्चिन एकटा दगड पांढरा करतो, पण सुटे फ्रॅग (कोरलचे लावायचे छोटे तुकडे) पाठीवर घेऊन फिरतो, म्हणून फ्रॅग आधी पक्के चिकटवा. लॉनमोअर ब्लेनी या मापाच्या टाकीत मजेत राहतो. यलो टँग चार फुटांपेक्षा लहान टाकीत आणू नका. सी हेअर झपाट्याने खाते, पण शेवाळ संपले की उपाशी मरते, म्हणून ते आणतानाच पुढे कोणाला देणार हे ठरवून ठेवा. किनाऱ्यावरून प्राणी किंवा जिवंत दगड उचलून आणणे सरळ टाळा. कठीण कोरल वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि दगडावर त्यांची पिले असतात.

ब्रायोप्सिस

हा शेवाळातला सर्वात चिवट. चरणारे बहुतेक प्राणी त्याला तोंड लावत नाहीत, आणि तुकडा राहिला की त्यातून नवा झुपका येतो. खरा उपाय फ्लुकोनाझोल, तेच माणसांना बुरशीसाठी देतात ते. मात्रा दर लिटरला साधारण 5 मिलिग्रॅम. 200 लिटरला 1000 मिलिग्रॅम, म्हणजे 200 मिलिग्रॅमच्या 5 गोळ्या किंवा 150 च्या जवळपास 7. हे चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे. पाकिटावर एकट्या फ्लुकोनाझोलचेच नाव हवे. औषधांच्या दुकानात फ्लुकोनाझोल, अझिथ्रोमायसिन आणि सेक्निडाझोल असा तीन औषधांचा एकत्र संच मिळतो, तो चुकूनही आणू नका. त्यातले अझिथ्रोमायसिन टाकीतल्या उपयोगी जिवाणूंवर घाव घालेल.

आधी जमेल तेवढा ब्रायोप्सिस उपटा. कार्बन काढा, यूव्ही आणि ओझोन बंद करा. कीटोमॉर्फाही वेगळ्या बादलीत हलवा. स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) चालू ठेवा, पण त्याच्या कपातून बाहेर येणारे पाणी परत संपमध्ये पडू द्या, म्हणजे हवा मिळत राहील आणि औषध बाहेर जाणार नाही. गोळ्या खलबत्त्यात बारीक कुटा, दोन लिटर टाकीच्या पाण्यात ढवळा आणि रिटर्न पंपाजवळ सावकाश ओता. औषध पाण्यात कष्टाने विरघळते. तळाशी पांढरी भुकटी राहिली तर पुन्हा पाणी घालून तीही ओता.

पहिले तीन दिवस काहीच दिसत नाही, आणि इथेच लोक दुसरा डोस टाकून बसतात. टाकू नका. चौथ्या ते सातव्या दिवशी टोके फिकी पडतात, दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत झुपके विरून जातात. मरणारे शेवाळ नायट्रेट-फॉस्फेट सोडते, म्हणून फिकट झुपके नळीने ओढत राहा. 14 ते 21 दिवस पाणी बदलू नका, बाष्पीभवनाची भर तेवढी घाला. नंतर 25 टक्के पाणीबदल आणि ताजा कार्बन. हट्टी डर्बेसियावरही हेच औषध चालते, पण पोषक द्रव्ये आटोक्यात नसतील तर दोन महिन्यांत ते परत उगवेल.

फुगे आणि साय

व्हॅलोनियाचा फुगा नखाने बुडाशी सोडवा आणि शेजारी धरलेल्या नळीत अख्खा ओढून घ्या. न फोडता काढणे चांगले, कारण दगडाच्या भेगेत राहिलेला तुकडाही पुन्हा धरतो. एमराल्ड क्रॅब छोटे फुगे खातो, पण पोट भरले नाही तर मासे आणि कोरलकडे वळतो.

सायनोसाठी आधी वेव्हमेकरची दिशा बदला आणि थर नळीने ओढा. पुढचे तीन दिवस टाकी काळ्या कापडाने पूर्ण झाकली की बहुतेक वेळा काम होते. एरिथ्रोमायसिनवर आधारित औषधे अखेरचा पर्याय. ती घातल्यावर ऑक्सिजन झपाट्याने उतरतो, म्हणून एअरस्टोन रात्रंदिवस चालू हवा. तुमच्या भागात वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअरपंप जोडल्याशिवाय औषध घालूच नका.

डायनो : इथे टाकीला खायला घालायचे

पाणीबदल थांबवा. फेरिक ऑक्साइड काढा, कीटोमॉर्फाचा दिवा बंद करा, माशांना नेहमीपेक्षा जास्त खायला द्या. तरी नायट्रेट शून्यच राहिले तर स्वतः मिसळायचे. शुद्ध प्रतीचे सोडियम नायट्रेट 13.7 ग्रॅम एक लिटर आरओ पाण्यात विरघळवा. या द्रावणाच्या 1 मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम नायट्रेट असते. 200 लिटरमध्ये 2 पीपीएम वाढवायला 40 मिलिलिटर लागतील. फॉस्फेटसाठी ट्रायसोडियम फॉस्फेट डोडेकाहायड्रेट 4 ग्रॅम एक लिटरमध्ये, त्याच्या 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम फॉस्फेट. 4 मिलिलिटर घातले की 0.02 पीपीएम चढते. दगड ते दुसऱ्या दिवसापर्यंत गिळून टाकतात, म्हणून रोज मोजा आणि रोज घाला, फॉस्फेट 0.05 ते 0.1 वर आणि नायट्रेट 5 ते 10 वर स्थिर होईपर्यंत. त्याला दोन आठवडेही लागू शकतात.

ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात उतरतो, म्हणून त्याच्यावर यूव्ही प्रभावी ठरतो. 200 लिटरला 18 ते 25 वॅटचा यूव्ही घ्या. त्याला पाणी संपमधून नको, थेट वरच्या टाकीतून द्या आणि तिथेच सोडा. प्रवाह तासाला 200 ते 600 लिटर ठेवा, त्याहून जोरात पाणी गेले तर पेशी जिवंत बाहेर पडतात. अँफिडिनियम रात्रीही वाळूतच दडून बसतो, त्याच्यासाठी यूव्हीवर पैसे घालवू नका. तिथे सिलिकेट घालून 1 ते 2 पीपीएमपर्यंत नेतात आणि मुद्दाम डायटम उगवू देतात. डायटम वाळूची जागा बळकावतात आणि अँफिडिनियम मागे हटतो. वाळू तपकिरीच दिसत राहते, त्यामुळे यश आले की नाही हे फक्त सूक्ष्मदर्शकच सांगतो.

या सगळ्या काळात हाताला मोजे हवेतच. ऑस्ट्रिऑप्सिस पॅलिटॉक्सिनच्या जातीची विषे बनवतो. 2005 साली इटलीत जिनोआच्या किनाऱ्यावर त्याचा फुलोरा आला तेव्हा समुद्राच्या तुषारांतून ताप, खोकला आणि श्वासाचा त्रास होऊन सुमारे 200 जणांना उपचार घ्यावे लागले होते. बंद खोलीत नळी तोंडाने ओढून सायफन सुरू करायची सवय असेल तर ती आजच सोडा.

फ्रॅग टाकीत घालण्याआधी

ब्रायोप्सिस, व्हॅलोनिया आणि डायनो टाकीत येतात ते बहुतेक वेळा विकत घेतलेल्या फ्रॅगच्या प्लगवर (ज्यावर तो चिकटवलेला असतो त्या छोट्या बैठकीवर) बसून. प्लग भिंगाखाली सगळ्या बाजूंनी पाहा, खालची दांडीही. औषधांच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड बहुधा 6 टक्क्यांचे असते, त्यात तेवढेच आरओ पाणी घालून 3 टक्के करा. या 3 टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि टाकीच्या पाण्याचे नऊ भाग एकत्र करून झोअँथिडचे फ्रॅग पाच मिनिटे बुडवा, मग स्वच्छ खाऱ्या पाण्यात खळबळून घ्या. अॅक्रोपोरा किंवा युफिलिया बुडवू नका. त्यांच्या प्लगवर फक्त शेवाळाच्या ठिकाणी 3 टक्क्यांच्या द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा एक मिनिट दाबून धरा, कोरलच्या मांसाला लागू न देता. क्लीनर श्रिंप पेरॉक्साइड सहन करत नाही, म्हणून न धुतलेला फ्रॅग टाकीत जाऊ नये. कोरल हाडाच्या कटरने प्लगपासून तोडून नव्या प्लगवर जेल सुपरग्लूने चिकटवता आला तर सगळ्यात चांगले. जुना प्लग कचऱ्यात टाका, संपच्या कोपऱ्यात जपून ठेवू नका.